घरातली यंत्रं (भाग ७) : खोलीचं तापमान कुठं मोजायचं?

मागच्या भागात इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर वेग कसा बदलतो ते पाहिलं. तो वेग कधी बदलायचा, हे ठरतं थर्मिस्टरच्या सांगण्यावरून. इनडोअर युनिटचं पुढचं झाकण उचलून जाळ्या काढल्या की कॉइलच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या चिमट्यात मिरीच्या दाण्याएवढा थेंब अडकवलेला दिसतो, तोच हा. दुसरा एक थर्मिस्टर तांब्याच्या नळीला बिलगलेला असतो. कॉइलवर बर्फ धरू नये यासाठी तो नळीवर लक्ष ठेवतो. त्याला आज बाजूला ठेवू.

ऊब वाढली की थर्मिस्टरचा विद्युतरोध घटतो. २५ अंशांना १० किलो-ओहम असलेला नेहमीचा थर्मिस्टर ३० अंशांना साधारण ८ वर उतरतो आणि २० अंशांना साडेबाराच्या आसपास चढतो. एसीचं सर्किट हा रोध मोजतं आणि त्यावरून खोली किती गार झाली ते ठरवतं.

पण खोली म्हणजे त्याच्या लेखी त्या दाण्याभोवतीची हवा. दाणा सात-आठ फुटांवर छताखाली, आणि झोपलेला माणूस दीड-दोन फुटांवर. कल्याणात टॉप फ्लोअरला एप्रिल-मे काढलेल्यांना पुढचं सांगायला नको. समुद्राचा वारा खाडी ओलांडून इथं येईपर्यंत त्याच्यात फारसा जीव उरत नाही आणि दिवसभर तापलेला स्लॅब जेवणं उरकली तरी आग ओकत असतो. छताखालची हवा पलंगाजवळच्या हवेपेक्षा गरमच राहते. एसी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडी वजावट आधीच करून ठेवलेली असते. मात्र ती सर्वसाधारण खोलीच्या हिशेबानं. वर गच्ची आणि शेजारी पश्चिमेची भिंत असलेली तुमची बेडरूम त्या हिशेबात बसेलच असं नाही.

उलटा घोटाळा सजावटीतून होतो. एसी दिसायला नको म्हणून पीओपीचा खण करायचा, पुढं लाकडी पट्ट्या लावायच्या, ही फॅशन खडकपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडे पोचली आहे. पट्ट्यांवर आपटलेली गार हवा मागं वळते आणि थेट यंत्रात ओढली जाते. सेन्सरला वाटतं, खोली गार झाली. कंप्रेसर कट होतो आणि पलंगावरचा माणूस घामाघूम. मग एसीवाला येतो आणि अनेकदा पहिलं निदान ‘गॅस कमी झालाय’ असंच ऐकायला मिळतं. माझ्या मते पैसे देण्याआधी एक रात्र त्या पट्ट्या काढून पाहाव्यात.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे रिमोटमध्ये बसवलेला सेन्सर. ‘फॉलो मी’ किंवा ‘आय फील’ असं बटण काही रिमोटवर असतं. ते दाबलं की रिमोट काही मिनिटांच्या अंतरानं आपल्याजवळचं तापमान इन्फ्रारेड किरणांनी यंत्राला कळवत राहतो. कल्पना नामी आहे. फक्त रिमोट उशीखाली गेला की सगळं मुसळ केरात. किरण पोचत नाहीत आणि पोचले तरी ते उशीखालचं तापमान सांगतात.

म्हणून मग भिंतीत लपवलेला स्वतंत्र सेन्सर. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉलचा एकच एसी दारं उघडी ठेवून दोन खोल्यांना पुरवायचा, असा बेत बऱ्याच घरांत असतो. वायफायवर चालणारा कंट्रोलर आणि प्रत्येक खोलीत एक सेन्सर असं आता करता येतं. पण यंत्र एकच असेल तर सेन्सर कितीही लावा, ते कुठल्या तरी एका खोलीचं ऐकणार किंवा सगळ्यांची सरासरी काढणार. खोलीनिहाय थंडावा हवा असेल तर एका आउटडोअरवर अनेक इनडोअर किंवा डक्टमध्ये आपोआप उघडमीट करणाऱ्या झडपा लागतात.

थंड देशांत हीच अडचण उलट्या बाजूनं येते. ब्रिटनमध्ये मुलांकडे राहून आलेल्या आईबाबांनी रेडिएटरच्या टोकाला आकडे असलेली गोल मूठ पाहिली असेल. त्या खोलीपुरतं गरम पाणी ती कमी-जास्त करते. डॅनफॉस कंपनीचे माड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये शोधून काढलेली ही झडप तापमान ओळखते ते तापलेल्या रेडिएटरला खेटून. पडद्याआड गेली की तिचा अंदाज चुकतो. म्हणून तिथंही सेन्सर दूर, आतल्या भिंतीवर नेतात.

लपवायची जागा शोधताना आपल्याकडे पहिला डोळा मोड्युलर स्विचबोर्डवर जातो, कारण पेटी आणि पाइप तयारच असतात. तिथं पंख्याचा रेग्युलेटर किंवा मोबाइलचा चार्जर असेल तर पेटीतली हवा खोलीपेक्षा गरम असते. शिवाय कन्सील्ड पाइपातून दुसरीकडची हवा पेटीत येते, म्हणून पाइपाचं तोंड बुजवावं लागतं. सेन्सरची बारीक तार २३० व्होल्टच्या तारांबरोबर एका पाइपात घालू नये, हे तर इलेक्ट्रिशियनला बजावूनच सांगा. डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर अर्ध्या अंशाच्या अचूकतेचा असतो, पण त्याला वायफायच्या चिपला चिकटवून एकाच डबीत कोंडलं तर त्या चिपची ऊबही मोजली जाते. आणि नुसत्या सिमेंटात गाडलेला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो. पश्चिमेची भिंत दुपारचं ऊन संध्याकाळी आत सोडते, म्हणजे एसी तासन् तास शिळ्या बातमीवर चालणार.

हवामान खात्यानं हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. वेधशाळेतली थर्मामीटरं पांढऱ्या रंगाच्या, चहूबाजूंनी झडपांच्या फटी असलेल्या पेटीत असतात. ऊन लागत नाही, वारा खेळतो. स्टीव्हन्सन पेटी म्हणतात तिला. घरातला सेन्सरही डोळ्यांपासून लपवावा, हवेपासून लपवू नये: आतली भिंत, चार-पाच फूट उंची, छिद्रं असलेली पट्टी, आणि एसीचा झोत, फ्रीज, टीव्ही या सगळ्यांपासून लांब.

हे बारकावे विजेच्या बिलापर्यंत पोचतात. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात. एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण सेन्सरच फसला असेल तर माणूस वैतागून १८ वर जातो.

तरी सेन्सर घेण्याची घाई करू नका. काहीशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर रात्री उशाशी ठेवा, दारं लावून तासभर एसी चालू द्या आणि रिमोटवर लावलेल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक एखाद्या अंशाचा असेल तर आकडा तेवढा बदला आणि पैसे वाचवा. तीन-चार अंशांचा निघाला तर आधी जाळ्या धुवा आणि एसीसमोरचा अडथळा काढा. भिंत फोडायचं त्यानंतर बघू.