निष्ठादंड

निष्ठादंड किंवा लॉयल्टी पेनल्टी म्हणजे सेवेचे नूतनीकरण करणाऱ्या जुन्या ग्राहकास त्याच सेवेसाठी नव्या ग्राहकापेक्षा अधिक रक्कम मोजावी लागणे. आरंभी सवलत देऊन ग्राहक मिळवायचा आणि तो चौकशी न करता नूतनीकरण करील या अपेक्षेने पुढे दर वाढवायचे, असे या पद्धतीचे स्वरूप असते. दरांची तुलना करणे कठीण जाणाऱ्या वृद्धांना तिची झळ अधिक बसते.

भारतातील स्थिती
कंपनी सोडू पाहणाऱ्या ग्राहकांना काही दूरसंचार कंपन्या विशेष सवलती देत. न बोलता टिकून राहिलेल्यांना त्या मिळत नसत. अशा निवडक सवलतींचा तपशील दूरसंचार नियामक प्राधिकरणास (ट्राय) द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिला. भ्रमणध्वनी क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू आहे. आरोग्य विम्यातही २०११ पासून पूर्ण झालेला प्रतीक्षाकालावधी न गमावता विमा कंपनी बदलता येते.

इतर देश
ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून घर व वाहन विम्याच्या नूतनीकरणात जुन्या ग्राहकाकडून समतुल्य नव्या ग्राहकापेक्षा अधिक हप्ता घेण्यास मनाई आहे.