किलोभराच्या बाळाचे डॉक्टर

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे अनेकदा पुरती तयार नसतात. अशा बाळाला सांभाळणारा नवजात शिशुतज्ज्ञ घडायला एमबीबीएसनंतर किमान सहा वर्षे लागतात: तीन वर्षे बालरोगशास्त्रातले एमडी, मग नीट-एसएस परीक्षा देऊन तीन वर्षांचे डीएम किंवा डीआरएनबी हे अतिविशेष शिक्षण.

एवढा काळ कशासाठी? ऑक्सिजनचेच पाहा. तो कमी पडला तर मेंदूला इजा होते. जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते. म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात. आकडा पुस्तकात मिळतो. पण रात्री अलार्म वाजल्यावर व्हेंटिलेटरचे सेटिंग बदलायचे की आधी श्वासनळीतली नळी सरकली का ते बघायचे, हे वरिष्ठांच्या शेजारी उभे राहूनच कळते.

बाळापाशी चोवीस तास असतात त्या मात्र सिस्टर. त्यांच्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो केलेल्या सिस्टरची बदली दुसऱ्या वॉर्डात होणे म्हणजे शिक्षण वाया घालवणे, असे मला ठामपणे वाटते.

आईचे दूध आणि कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरणे हेही या शिक्षणातच येते. ज्या बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते.