भोसकून 347, जाळपोळीत 91

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबई दंगलींत 900 जण मारले गेले, असे न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. मुस्लिम 575, हिंदू 275, इतर 5. उरलेल्या 45 जणांचा धर्म कळला नाही.

मृत्यूंच्या कारणांची फोड अशी: पोलिस गोळीबार 356, भोसकणे 347, जाळपोळ 91, जमावाचा हल्ला 80, खासगी गोळीबार 22, इतर 4. गोळी आणि सुरा मिळून 725, म्हणजे 81 टक्के. जाळपोळ 10 टक्के.

उपनगरांच्या आठवणीत मात्र आगच आहे. 8 जानेवारीच्या मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास जोगेश्वरी पूर्वेच्या राधाबाई चाळीत काही हिंदूंच्या घरांना बाहेरून कड्या घालून आग लावली गेली. 5 स्त्रिया आणि 1 पुरुष जळून मेले. त्यांत एक अपंग मुलगी होती. एकूण मृत्यूंत या सहांचा वाटा 0.67 टक्के. पण आपल्या दाराला बाहेरून कडी लागेल ही भीती शहरभर पसरायला टक्केवारी लागत नाही.

तारखा वेगळेच सांगतात. जानेवारीची दंगल राधाबाई चाळीमुळे पेटली, असे आजही सांगितले जाते. आयोगाने हिंदूंकडून झालेल्या मोठ्या हिंसाचाराची सुरुवात 6 जानेवारी धरली आहे, म्हणजे दोन दिवस आधी. त्यामागे हिंदू जातीय संघटनांचा चिथावणीखोर प्रचार आणि ‘सामना’, ‘नवाकाळ’ यांसारख्या वर्तमानपत्रांतले लेखन होते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. तो खरा धरला, तर चाळीच्या बातमीने आधीच तापलेल्या भीतीला पुरावा पुरवला.

छापील शब्दाचा वाटा नेमका किती, हे आयोगाने मोजले नाही. रवांडातल्या 1994 च्या नरसंहाराबाबत मात्र रेडिओवरच्या चिथावणीचा वाटा मोजण्याचा प्रयत्न झाला. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांच्या 2014 च्या अभ्यासानुसार हिंसेतल्या एकूण सहभागापैकी सुमारे 10 टक्के सहभाग आरटीएलएम रेडिओच्या प्रसारणामुळे होता. उरलेल्या 90 टक्क्यांची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात.

न्यायालयातले आकडे लहान आहेत. राधाबाई चाळ खटल्यात 1996 साली टाडा न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांची सुटका केली. दंगलकाळातल्या ‘सामना’च्या अग्रलेखांबद्दल शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांना जुलै 2000 मध्ये अटक झाली आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य ठरवला. मुदत 3 वर्षांची, उलटली होती 7. ती संपली जानेवारी 1996 च्या सुमारास. त्याच महिन्याच्या 23 तारखेला शिवसेना-भाजप युती सरकारने श्रीकृष्ण आयोग गुंडाळला होता. मे महिन्यात तो पुन्हा नेमला गेला आणि अहवाल आला फेब्रुवारी 1998 मध्ये.