उद्याचा हक्क देऊन आजचा खेळाडू

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत दरवर्षी नवोदितांचा ड्राफ्ट होतो. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्यांना आधीची पाळी मिळण्याची शक्यता अधिक. या पाळीला ‘पिक’ म्हणतात आणि ती पुढच्या काही वर्षांचीसुद्धा देता-घेता येते. म्हणजे आज शाळेत शिकणाऱ्या, अजून नावही ठाऊक नसलेल्या मुलाला निवडण्याचा हक्क देऊन कसलेला खेळाडू मिळवता येतो.

२०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बोस्टन सेल्टिक्सकडून ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पियर्स घेतले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक दिले, शिवाय २०१७ मध्ये पिक बदलून घेण्याची मुभाही. दोघे लवकरच उतरणीला लागले. बोस्टनने मात्र त्या पिकांच्या जोरावर जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळवले आणि २०२४ मध्ये या जोडीने विजेतेपद आणले. खरे तर अशा उधळपट्टीला आवर घालणारा नियम आधीपासून होता: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकता येत नाहीत. क्लीव्हलँड संघाचे एके काळचे मालक टेड स्टेपियन यांच्या उद्योगांमुळे तो करावा लागला. ब्रुकलिनने एकेक वर्ष सोडून पिक दिले, एवढेच.

आयपीएलमध्ये देण्याजोगे असे पिक नाहीत. नवोदितही लिलावातूनच येतात आणि दर काही वर्षांनी होणारा मेगा लिलाव बहुतेक संघ विस्कटून टाकतो. त्यामुळे इथे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू तरी द्यावा लागतो, नाहीतर रोकड.

सुरत जिल्ह्यातल्या चोर्यासीत १९९३ मध्ये जन्मलेल्या हार्दिक पंड्याची कारकीर्द याचा चांगला नमुना आहे. मुलांच्या क्रिकेटसाठी वडिलांनी सुरतेतला व्यवसाय गुंडाळून बडोदे गाठले आणि मुले किरण मोरे यांच्या अकादमीत दाखल झाली. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिकला अवघ्या १० लाखांत घेतले. त्याच्या काळात मुंबईने चार विजेतेपदे जिंकली, पण २०२२ च्या मेगा लिलावाआधी चारच खेळाडू राखता येत असल्याने त्याला सोडले. नव्या गुजरात टायटन्सने १५ कोटींना त्याला घेऊन कर्णधार केले. पहिल्याच वर्षी विजेतेपद, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला परत आणले. गुजरातला बदली खेळाडू मिळाला नाही. व्यवहार रोखीचा होता. मुंबईने १७.५ कोटींचा कॅमरन ग्रीन बेंगळुरूला देऊन हार्दिकच्या मानधनाची सोय केली. स्वतः घडवलेला खेळाडू दीडशेपट मानधनावर परत घ्यावा लागला, हा सौद्यातला सगळ्यात बोचरा भाग. पुढच्या हंगामात मुंबई दहा संघांत दहावी आली.

पण गुजरातलाही बोस्टनसारखे फळ मिळाले नाही. विकणाऱ्याच्या हाती पिक असते तर वाट पाहता आली असती. लिलावासाठी मोकळी झालेली रक्कम लगेच वापरणे भाग होते. त्या डिसेंबरमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज स्पेन्सर जॉन्सन १० कोटींना घेतला. संघ आठवा आला आणि पुढच्या मेगा लिलावात जॉन्सन २.८ कोटींना कोलकात्याकडे गेला.