बाटली, वाटी आणि मराठवाड्याचे पाणी

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात, मांजरा धरणाचा तळ उघडा पडून लातूर शहराचे नळ कोरडे झाले असताना, पाणी भरण्याच्या जागी दंगेधोपे होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच १४४ कलमाचा हुकूम जारी झालेला असताना, मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी १२ तारखेला लातुरात दाखल झाली, तेव्हा त्या पाण्याचा हिशेब सर्वांनी घागरींत आणि टँकरांत मांडला. परंतु ज्या घरात वरच्या दुधावर वाढणारे तान्हे लेकरू असते, त्या घराला अशा दिवसांत आणखी एक हिशेब करावा लागतो, आणि तो दुधाच्या बाटलीचा असतो. दिवसातून सहा ते आठ वेळा पाजायचे; प्रत्येक वेळी बाटली, तिचे निपल आणि ते आवळून धरणारे कडे सुटे करायचे, ब्रशाने व साबणाने आतून घासायचे, भरपूर पाण्याने विसळायचे, आणि मग सारे साहित्य पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळायचे. शास्त्राने सांगितलेली ही रीत आहे आणि तीत कोठेही सवलत नाही. ज्या वस्तीत आठवड्यातून एकदा टँकर येतो, तेथील मातेने ही रीत यथासांग पाळावी अशी अपेक्षा करणे म्हणजे तिच्यावर अशक्य कामाचा बोजा लादणे होय, असे मला मनापासून वाटते.

बाटलीचा दोष तिच्या आकारातच आहे. दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने काचेला वा प्लास्टिकला चिकटून एक पातळ साय धरतात; ती गळ्याच्या वळणाशी, कड्याच्या आट्यांत आणि निपलाच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकाभोवती अशा जागी बसते, की जेथे बोट पोहोचत नाही आणि नजरही पोहोचत नाही. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अर्धी प्यालेली बाटली फडताळात ठेवली तर आतड्यांत राहणाऱ्या जंतूंसारख्या जंतूंची संख्या अनुकूल उष्म्यात वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. म्हणजे सकाळी नऊच्या बाटलीतले उरलेले दूध बारा वाजता पुन्हा तोंडाला लावणे हे अतिसाराला आवतण देणे ठरते. हा अनुभव काही आपल्याच प्रदेशाचा नाही. १८४५ साली अमेरिकेत रबरी निपलाचे पेटंट घेतले गेले आणि पुढे युरोपात बाटलीला लांब रबरी नळी जोडण्याची पद्धत रूढ झाली, जेणेकरून मूल पाळण्यात पडल्या पडल्या एकटेच चोखत राही. ती नळी आतून स्वच्छ करणे कोणालाच साधत नसे, बालमृत्यूंत तिचा हात स्पष्ट दिसू लागला, आणि अखेर १९१० साली फ्रान्सने नळीच्या बाटल्यांवर कायद्याने बंदी घातली. नळी गेली तरी अरुंद गळा आणि बारीक भोक ही कायम राहिली.

याउलट स्टीलची वाटी तळापासून काठापर्यंत एका दृष्टिक्षेपात दिसते. तिला कोपरा नाही, आटे नाहीत. साबणाचे बोट फिरवून थोड्याशा पाण्यात ती निखळ स्वच्छ होते, आणि उकळायचीच झाली तर भाताच्या लहानशा पातेल्यातही मावते. आपल्याकडील जुन्या घरांत चोच असलेले बोंडले असे, कोठे चांदीचा शिंपला असे, गरिबाघरी नुसती वाटी आणि चमचा असे. या वस्तूंना मागासलेपणाची खूण मानून आपण बाटलीला जवळ केले, हे गेल्या दोन पिढ्यांतील एक दुर्दैवी वळण आहे; कारण पाश्चात्त्य वैद्यकाने नंतर स्वतःच वाटीचा पुरस्कार केला. इंग्लंडमधील एक्सेटर येथे नवजात बालकांच्या कक्षात काम करणाऱ्या सँड्रा लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली लहान पेल्याने दूध पाजण्याच्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात अपुऱ्या दिवसांची, जी अद्याप स्तन धरून चोखू शकत नव्हती अशी बालकेही पेल्याच्या काठावरून दूध घेऊ शकतात, हे त्यांनी दाखविले.

यामागील शरीरक्रिया समजून घेण्याजोगी आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भाच्या साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्यापूर्वी जन्मलेल्या बालकाला बाटलीतून आपोआप वाहत येणारी धार आवरत नाही आणि त्याची दमछाक होते. वाटीच्या बाबतीत मात्र दूध ओठापाशी येऊन थांबते आणि ते आत घ्यावयाचे की नाही, केव्हा घ्यावयाचे, किती घ्यावयाचे, याचा निर्णय बालकाच्या जिभेकडे राहतो. ते जीभ पुढे काढून दूध लपलप आत ओढते, घोट गिळते, श्वास घेते आणि मग पुन्हा जीभ पुढे करते. या पद्धतीत दूध थोडे सांडते आणि वेळ अधिक लागतो, हे मान्य केले पाहिजे. सहा महिन्यांच्या आसपास, तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची जन्मजात प्रतिक्रिया ओसरते, मान स्थिर होते, आणि मूल आधाराने बसू लागते. निसर्गाने वाटीतील वरच्या अन्नपाण्यासाठी नेमून दिलेली वेळ ती हीच.

आपल्या पूर्वजांनी उष्टावणाचा संस्कार याच सुमारास ठेवला, ही गोष्ट मला नेहमीच समाधान देते. त्यापूर्वी मात्र अंगावरच्या दुधाखेरीज थेंबभर पाणीही नको. आणि येथे मराठवाड्यातील आजीबाईंचा जीव सर्वांत अधिक कळवळतो, कारण उन्हाच्या झळा लागत असताना लेकराचा घसा कोरडा पडत असेल ही त्यांची भीती मायेपोटी आलेली असते. परंतु आईच्या दुधात शेकडा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, आणि एच. पी. एस. सचदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐन उन्हाळ्यात दिल्लीत केलेल्या व १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बालकांना वेगळे पाणी पाजण्याची गरज नसल्याचेच निष्पन्न झाले. पाणी पाजले की पोट भरते, मूल कमी चोखते, आणि आईचे दूध आटू लागते. तेव्हा उन्हाळ्यात लेकराला वाटीभर पाणी पाजण्याऐवजी आईलाच तांब्याभर पाणी जास्त द्यावे. आई सोयाबीनच्या काढणीला किंवा कापूस वेचायला गेली असेल, तर तिने हाताने काढून ठेवलेले दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात, सावलीच्या थंड जागी काही तास टिकते आणि घरी राहिलेली आजी ते वाटीनेच पाजू शकते.

पाजण्याची कृती सोपी असली तरी तिच्यात एक-दोन बारकावे आहेत आणि ते चुकले म्हणजे लोक वाटीलाच दोष देऊन पुन्हा बाटलीकडे वळतात. लेकराला मांडीवर ताठ बसवावे, पाठीला आणि मानेला हाताचा आधार द्यावा, हात मध्ये येऊ नयेत म्हणून दुपट्यात सैलसर गुंडाळावेत. वाटी लहान असावी, पण निदान निम्मी भरलेली असावी. तळाशी उरलेले दूध पाजावयाचे तर वाटी फार कलवावी लागते, आणि मग ते एकदम नाकातोंडात येऊन मूल दचकते. काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवावा, दूध ओठाला जेमतेम भिडेल इतपत वाटी कलती करावी आणि तशीच धरून ठेवावी. ओतू नये. मूल थांबले की वाटी खाली न घेता किंचित सरळ करावी, त्याला दम घेऊ द्यावा, तोंड फिरविले म्हणजे जेवण संपले असे समजावे. सहा महिन्यांनंतर पहिले काही दिवस जेवणाबरोबर उकळून निवविलेल्या पाण्याचे दोन-चार घोटच असे द्यावेत. आठ-नऊ महिन्यांचे मूल स्वतःच दोन्ही हातांनी फुलपात्र धरू पाहते, काठ हिरड्यांनी चावून धरते, अर्धे अंगावर सांडते. वर्षाच्या पुढे सांडणे कमी होत जाते आणि दीड-दोन वर्षांचे मूल बहुधा न सांडता पिते. बाजारात चोचीच्या झाकणाचे जे प्लास्टिकचे पेले मिळतात ते सांडू देत नाहीत हे खरे, परंतु त्यांत मूल चोखतच राहते, आणि झाकणातील पडदी बाटलीच्या निपलाइतकीच घासावयास कठीण असते. म्हणून बाटली सोडवून मुलाला त्यांच्या हवाली करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

आता वाटीत काय घालावे, हा खरा महत्त्वाचा विषय. आपल्याकडे सर्वांत प्रथम येते ते वरणाचे वरवरचे पाणी आणि भाताची निवळ पेज. दोन्हींत पोट भरण्याइतके पाणी आणि वाढ होण्यास अपुरे अन्न असते. उदगीर-औशाकडची तूर आणि मूग यांची डाळ खाली राहते, पाणी लेकराला जाते आणि डाळ घरातले मोठे खातात, ही रीत उलटी झाली पाहिजे: डाळ घोटून, तिच्यात तेल किंवा तूप घालून, चमच्याने भरवावी. घट्ट खीर लहान मुलाच्या जिभेला जड जाते आणि पातळ केली तर तिच्यातील सत्त्व कमी होते, या अडचणीवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील तारा गोपालदास यांनी एक सुंदर तोडगा अभ्यासला. धान्याला मोड आणून, वाळवून, भाजून केलेल्या पिठात अमायलेज नावाचे विकर तयार झालेले असते, आणि त्याची चिमूटभर भुकटी शिजलेल्या घट्ट लापशीत घातली म्हणजे पिठूळ द्रव्याच्या लांबच लांब साखळ्या तुटून लापशी पातळ होते, पण तिचे पोषण तसेच राहते. त्यासाठी गहू किंवा नाचणी घ्यावी. मोडाची ज्वारी मात्र घेऊ नये. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, आणि ज्या विषारी द्रव्यामुळे ती दगावतात तेच ज्वारीच्या कोवळ्या मोडांत असते. ज्वारीच्या पिठाची, ताक घालून शिजविलेली, बिनमिठाची ताजी अंबील मात्र लेकराला जरूर द्यावी. आंबवलेल्या पेयाच्या आम्लतेत रोगजंतूंना फोफावण्यास तितकासा वाव मिळत नाही.

नव्या चवीला मूल तोंड वाकडे करते म्हणून निराश होऊ नये. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील ज्युली मेनेला आणि गॅरी बोशँप यांनी १९९१ साली दाखविले, की आईने लसूण खाल्ल्यानंतर सुमारे दोन तासांनी लसणाचा गंध दुधात सर्वाधिक उतरतो आणि बालके तेव्हा अधिक वेळ स्तनाला लागून राहतात. लसणाची चटणी आणि मेथी खाणाऱ्या मराठवाड्यातील आईचे मूल वाटीपाशी येते ते या चवींची ओळख घेऊनच. तेच पेय आठ-दहा वेळा, निरनिराळ्या दिवशी, बळजबरी न करता पुढे केले म्हणजे पुष्कळदा ते स्वीकारले जाते. मध मात्र वर्षाच्या आत चाटवू नये, कारण त्यातील जीवाणूंची बीजुके कोवळ्या आतड्यात रुजून घातक विष निर्माण करू शकतात. आणि चहा, ज्यात बटर किंवा खारी बुडवून सहा-आठ महिन्यांच्या लेकराला मोठ्या कौतुकाने भरविली जाते, तो तर कटाक्षाने टाळावा. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला बांधून ठेवते, आणि याच वयात जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत आलेला असतो.

बाटली आणि दुधाची भुकटी यांविषयी कायदाही स्पष्ट आहे. दुधाची भुकटी, बाटल्या आणि बालान्ने यांच्या उत्पादन, पुरवठा व वितरणाचे नियमन करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला. त्याने दुधाची भुकटी व बाटल्या यांच्या जाहिरातीस आणि मातांना त्यांची मोफत भेट देण्यास मनाई केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादेतील हजारो माणसे गाडली गेली. आपत्तीच्या छावणीत, जेथे पाणी गढूळ आणि जळण दुर्मिळ असते, तेथे दयाबुद्धीने आलेले भुकटीचे डबे आणि बाटल्या लेकरांना अपाय करू शकतात, हे पुढील वर्षीच जागतिक आरोग्य परिषदेने आपल्या ठरावात नमूद केले. मदतसामग्रीच्या यादीत बाटल्यांऐवजी स्टीलच्या वाट्या घालणे हे तहसील कचेरीच्या पातळीवरही करता येण्याजोगे काम आहे, आणि दुष्काळाच्या तजविजीत ते आधीच लिहून ठेवावे.

ज्या घरात बाटलीची सवय लागून गेली आहे, त्यांनी एका दिवसात ती हिसकावून घेऊ नये. दुपारची बाटली आधी जाते, कारण तेव्हा मूल जागे व खेळकर असते. चार-पाच दिवसांनी सकाळची. रात्रीची सर्वांत शेवटी आणि सर्वांत कष्टाने. पण ती जाणे अवश्य आहे. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, जंतू त्यातील साखरेचे आम्ल करतात आणि दीड वर्षाच्या मुलाचे वरचे दात हिरडीलगत तपकिरी पडू लागतात, तर खालचे दात जिभेच्या आडोशाला सुरक्षित राहतात. शिवाय आडवे पडून पिणाऱ्या मुलाच्या कानाची नळी आखूड व आडवी असल्याने कान फुटण्याचा संभवही वाढतो. रात्रीच्या बाटलीत दूध दर दोन-तीन रात्रींनी थोडे थोडे कमी करीत न्यावे, निजण्यापूर्वी वाटीने दूध देऊन ओल्या फडक्याने दात पुसावेत, आणि मग मांडीवर थोपटून निजवावे. वर्षाच्या पुढील मुलाला दिवसाकाठी अर्ध्या लिटरपर्यंतच गाईचे वा म्हशीचे उकळलेले दूध पुरे. त्याहून अधिक प्यालेले मूल गुबगुबीत दिसूनही रक्ताने पांढरे पडते, कारण त्या दुधात लोह नाममात्र असते, आणि त्याची भूक वरणात कुस्करलेल्या भाकरीसाठी मोकळी राहत नाही.