उपसा सिंचन योजनेत अनेक पंपांचे ड्राइव्ह एकाच नियंत्रकाला कसे जोडावेत?

कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांच्या काठी सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदीचे पाणी उचलून उंचावरील शेतापर्यंत नेले. अशा योजनेत एका जॅकवेलवर दोन, तीन, चार पंप बसविलेले असतात आणि ते सर्व एकाच दाबनलिकेत पाणी ढकलतात. पूर्वी हे पंप स्टार्टरवर चालत. आता अनेक ठिकाणी प्रत्येक पंपाला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, म्हणजेच व्ही.एफ.डी., बसविण्यात येत आहे. परंतु ड्राइव्ह बसविले की काम संपले, असे नाही. ते एकमेकांच्या मेळाने चालले तरच पाणी वेळेवर वर पोहोचते. हा मेळ इथरनेट केबलद्वारे कसा घालावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

मेळ का हवा?

पंपाचा वेग बदलला की तीन गोष्टी बदलतात. पाण्याचा विसर्ग वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वेग ८० टक्के केला की शक्ती निम्म्यावर येते, असे विक्रेते सांगतात. हे गणित ज्या ठिकाणी फक्त पाइपमधील घर्षणावर मात करायची असते तेथे खरे ठरते. उपसा योजनेत पाणी उंचावर चढवायचे असल्याने हिशेब वेगळा होतो.

समजा, नदीतील पाण्याच्या पातळीपासून वितरण कुंडापर्यंतची उंची ४० मीटर आहे आणि पंप ५० हर्ट्झवर, झडप बंद असताना, ६० मीटर दाब देतो. ४५ हर्ट्झवर हा दाब सुमारे ४८.६ मीटर होतो, म्हणजे पाणी चढेल. ४० हर्ट्झवर तो ३८.४ मीटर होतो. अशा वेळी पंप फिरतो, वीज खातो, परंतु कुंडात थेंबही पडत नाही. पंपातील पाणी आतल्या आत घुसळून तापते आणि सील खराब होतात.

अनेक पंप एकाच नळीवर असतील तर अडचण आणखी वाढते. एक पंप ५० हर्ट्झवर आणि दुसरा ४३ हर्ट्झवर चालला तर पहिल्याच्या दाबामुळे दुसऱ्याची नॉन-रिटर्न झडप बंदच राहू शकते. एका जोखडातील एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा नुसता चालतो, तसा हा प्रकार होय. म्हणून एकाच नळीवर चालू असणाऱ्या सारख्या क्षमतेच्या पंपांना एकच वेग द्यावा. तो वेग ठरवून सर्व ड्राइव्हना कळविण्याचे काम नियंत्रक, म्हणजेच पी.एल.सी., करतो.

तारांचा गुंता आणि एक केबल

जुन्या पद्धतीत चालू, बंद, बिघाड, वेगाचा हुकूम, प्रत्यक्ष वेग आणि विद्युतप्रवाह अशा प्रत्येक गोष्टीसाठी प्रत्येक ड्राइव्हपासून नियंत्रकापर्यंत वेगळ्या तारा टाकाव्या लागतात. चार पंपांना वीस-पंचवीस जोड्या सहज होतात. एखादी तार ढिली झाली तर ती शोधण्यात पाण्याची पाळी निघून जाते.

इथरनेट पद्धतीत प्रत्येक ड्राइव्हला एकच केबल जाते. त्याच केबलमधून नियंत्रक हुकूम पाठवितो आणि ड्राइव्ह आपला वेग, प्रवाह, तापमान व बिघाडाचा क्रमांक परत कळवितो. पंप बंद पडल्यावर तो जादा प्रवाहामुळे, कमी व्होल्टेजमुळे की एक फेज गेल्यामुळे बंद पडला, हे पडद्यावर दिसते.

एक किंवा दोनच पंप असतील तर मात्र हा खर्च करण्याची गरज नाही. तेथे साध्या तारा किंवा आर.एस.-४८५ पद्धतीची दोन तारांची जोडणी पुरेशी होते. तीन किंवा अधिक पंप असल्यास इथरनेटचा विचार करावा.

खरेदीपूर्वी भाषा जुळते का ते पाहावे

केबल सारखी असली म्हणून सर्व उपकरणे एकमेकांशी बोलतात, असे नाही. मॉडबस टी.सी.पी., प्रोफिनेट, इथरनेट आय.पी. अशा निरनिराळ्या भाषा आहेत. नियंत्रक एक भाषा बोलत असेल आणि ड्राइव्ह दुसरी, तर जोडणी होऊनही काम होणार नाही. मॉडबस ही मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेली पद्धत असून अनेक कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये ती मिळते. काही ड्राइव्हमध्ये इथरनेटचे कार्ड वेगळे घ्यावे लागते. दरपत्रक मागविताना भाषा कोणती आणि कार्ड किमतीत धरले आहे काय, हे लेखी घ्यावे.

जोडणीची पद्धत

जोडणी दोन प्रकारे करता येते.

१) साखळी पद्धत : नियंत्रकापासून पहिल्या ड्राइव्हला, तेथून दुसऱ्याला, असे पुढे जोडत जाणे. केबल कमी लागते. परंतु मधल्या ड्राइव्हची वीज दुरुस्तीसाठी बंद केली की त्याच्या पुढील ड्राइव्हचा संपर्कही तुटू शकतो.

२) चांदणी पद्धत : मध्यभागी औद्योगिक प्रतीचा इथरनेट स्विच बसवून प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र केबल देणे. एक ड्राइव्ह बंद केला तरी बाकीचे चालू राहतात.

उपसा योजनेत एक पंप दुरुस्तीला आणि बाकीचे चालू, असे नेहमीच घडते. म्हणून चांदणी पद्धत स्वीकारावी.

केबल टाकताना पुढील काळजी घ्यावी.

• तांब्याची इथरनेट केबल दोन उपकरणांच्या दरम्यान १०० मीटरपेक्षा जास्त लांब नसावी. ती आवरणयुक्त, म्हणजे शील्ड असलेली घ्यावी.
• ड्राइव्हपासून मोटारीकडे जाणाऱ्या केबलमधून विद्युत गोंगाट निर्माण होतो. इथरनेट केबल तिच्यापासून किमान एक फूट दूर, वेगळ्या नळीतून न्यावी. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी.
• जॅकवेल व नियंत्रण कक्ष दूर असतील किंवा वितरण कुंडापर्यंत संपर्क हवा असेल तर ऑप्टिकल फायबर वापरावी. धातूचे आवरण नसलेल्या फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे वळवाच्या पावसात विजा पडल्यास उपकरणे जळण्याचा धोका बराच कमी होतो.
• केबल लोखंडी किंवा जाड नळीतून न्यावी व पॅनेलची भोके बुजवावीत. उंदरांनी कुरतडलेली केबल शोधणे अवघड जाते.

प्रत्येकाला वेगळा पत्ता

गावात दोन घरांना एकच क्रमांक असेल तर टपाल चुकीच्या घरी जाते. तसेच येथेही आहे. प्रत्येक उपकरणाला चार आकड्यांचा स्वतंत्र पत्ता द्यावा. उदाहरणार्थ,

नियंत्रक : १९२.१६८.१.१०
पंप १ ते ४ चे ड्राइव्ह : १९२.१६८.१.११ ते १९२.१६८.१.१४
पडदा : १९२.१६८.१.२०

सर्वांचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा. पत्ते कायमचे द्यावेत, आपोआप बदलणारे नसावेत. ड्राइव्ह बदलल्यास नव्या ड्राइव्हला जुन्याचाच पत्ता द्यावा. हे पत्ते रंगाने पॅनेलच्या दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत.

संपर्क तुटला तर?

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि जोडणी करताना नेमके याकडेच दुर्लक्ष होते. केबल तुटली किंवा नियंत्रक बंद पडला तर ड्राइव्हने काय करावे, हे ड्राइव्हमध्ये आधीच ठरवून द्यावे लागते. न ठरविल्यास काही ड्राइव्ह शेवटच्या वेगाने चालतच राहतात. नदीची पातळी खाली गेलेली असेल तर पंप कोरडा चालून जळतो. म्हणून काही सेकंद संपर्क न झाल्यास पंप हळूहळू थांबेल, अशी नोंद करावी.

पुढील तीन गोष्टी मात्र केबलवर कधीही सोपवू नयेत. त्यांच्या तारा थेट ड्राइव्हला जोडाव्यात.

१) तातडीने बंद करण्याचे लाल बटण.
२) जॅकवेलमधील किमान पाणीपातळीचा फ्लोट किंवा इलेक्ट्रोड.
३) स्वयंचलित आणि हस्तचालित यांतील निवडीचा स्विच. नियंत्रक बिघडला म्हणून सभासदांची पाळी चुकता कामा नये. ऑपरेटरला प्रत्येक पंप हाताने, ठरलेल्या वेगावर चालविता आला पाहिजे.

वीज येणे आणि जाणे

वीज परत आल्यावर सर्व पंप एकदम सुरू झाले तर रोहित्रावर ताण येतो आणि नळीत दाब उसळतो. नियंत्रकात असा क्रम बसवावा की नळीतील पाणी स्थिर झाल्यावर पहिला पंप सुरू व्हावा, तो पूर्ण वेगावर आल्यावर दुसरा, मग तिसरा. बंद करतानाही एकेक पंप सावकाश उतरवावा. नियंत्रक व स्विच यांना छोटा यू.पी.एस. द्यावा, म्हणजे वीज केव्हा गेली व कोणता पंप चालू होता याची नोंद राहते.

एक गैरसमज मात्र दूर करणे आवश्यक आहे. ड्राइव्ह पंप हळू थांबवितो, त्यामुळे पाण्याचा दणका बसत नाही, हे वीज असेपर्यंतच खरे आहे. अचानक वीज गेली तर ड्राइव्हही निकामी होतो. वर चढणारे पाणी उलटे फिरते आणि दणका नळीवर बसतो. भर उन्हाळ्यात नळी फुटली तर दुरुस्ती होईपर्यंत उभा ऊस वाळतो. म्हणून नॉन-रिटर्न झडपा, हवेच्या झडपा व दणका शोषणारी व्यवस्था काढून टाकू नये. त्यांची देखभाल पूर्वीप्रमाणेच करावी.

काम ताब्यात घेण्यापूर्वी

ठेकेदाराकडून काम ताब्यात घेताना संस्थेच्या प्रतिनिधींनी पुढील चाचण्या समक्ष करून घ्याव्यात.

१) प्रत्येक पंप त्याच्या ड्राइव्हवरील बटणांनी वेगळा चालवून फिरण्याची दिशा व प्रवाह तपासावा. मोटारीच्या पट्टीवरील आकडे ड्राइव्हमध्ये भरलेले आहेत काय, ते पाहावे.
२) कुंडात पाणी पडू लागते तो किमान वेग प्रत्यक्ष पाहून नोंदवावा. नियंत्रकाने त्याखाली वेग उतरवू नये, अशी मर्यादा घालावी. नदी उतरली की उपशाची उंची वाढते, म्हणून उन्हाळ्यात हा वेग पुन्हा तपासावा.
३) पंप चालू असताना इथरनेट केबल काढून पाहावी. पंप ठरल्याप्रमाणे थांबला पाहिजे.
४) फ्लोट हाताने उचलून व सोडून पाहावा.
५) नियंत्रकाचा प्रोग्रॅम, ड्राइव्हमधील सर्व नोंदी व पासवर्ड यांची प्रत संस्थेच्या कपाटात ठेवावी. ती फक्त ठेकेदाराजवळ राहिल्यास पुढील प्रत्येक दुरुस्तीसाठी त्याच्याच दारात जावे लागते.

मोबाइलवरून पंप पाहण्याची सोय हवी असल्यास नियंत्रक उघड्यावर इंटरनेटला जोडू नये. सुरक्षित मोडेम वापरावा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड प्रथम बदलावा.

रोजच्या देखभालीत ड्राइव्हचे पंखे व जाळ्या साफ ठेवणे, अर्थिंग तपासणे आणि स्विचवरील दिवे पाहणे एवढे केले तरी पुष्कळ बिघाड टळतात. ज्या पंपाचा दिवा लागत नाही, त्याची केबल प्रथम तपासावी, मग तंत्रज्ञाला बोलवावे.

पाणीपुरवठा संस्थांनी ड्राइव्ह बसविण्याचा ठराव करतानाच नियंत्रक, केबल, चाचण्या व ऑपरेटरचे प्रशिक्षण यांचाही अंदाजपत्रकात समावेश करावा. पंप एका मेळाने चालले तर विजेचा प्रत्येक तास सार्थकी लागेल आणि शेवटच्या सभासदाच्या शेतातही पाणी पाळीच्या दिवशी पोहोचेल.