दात कोरायचा, पण किती?

वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याची शाळा घ्या, नाहीतर रिसोडची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला आले, की दाढेला भोक असलेला मुलगा तोंड घट्ट मिटून रांगेच्या शेवटी का उभा राहतो, हे तुम्हांला सांगायला नको. दात कोरणाऱ्या यंत्राचा तो आवाज! पण दात इतका कोरावा तरी का लागे?

किडीत अळीबिळी काही नसते. दातांवरील थरात राहणारे जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. तेथील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हेच क्षार दाताला परत देते. म्हणून खडूसारखा पांढरा डाग असेपर्यंत कोरण्याचे कारणच नाही. फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी कीड तेथेच थांबू शकते.

भोक पडल्यावर मात्र ते बुजवावे लागते. चांदी-पाऱ्याचे मिश्रण दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा तळाशी रुंद करीत. भरणाच्या सोयीसाठी निरोगी दात खर्ची पडे!

१९७२ साली इंग्लंडमधील विल्सन व केंट यांनी काच-आयनोमर सिमेंट जाहीर केले. काचेची पूड आम्लात कालवून होणारे हे सिमेंट दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते. मग खड्ड्याला आकार कशाला द्यायचा? १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विजेवाचून काम सुरू झाले. चिमुकल्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ भाग खरवडायचा आणि सिमेंट दाबून भरायचे. बहुधा सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

खोल खड्ड्यात तळाशी, मज्जेजवळ, थोडा किडका भाग मुद्दाम ठेवतात. तुम्ही विचाराल, तो पसरणार नाही का? कडा स्वच्छ करून घट्ट बंद केल्या, की साखर आत पोचत नाही. जीवाणू उपाशी पडतात आणि जिवंत मज्जा आतून नवा थर रचते.

दोन-तीन बाजूंनी ढासळलेल्या दाढेत मात्र हे सिमेंट फार टिकत नाही. रात्रभर ठणकणाऱ्या दाढेची तर मज्जाच बिघडलेली असते. तिथे हा उपाय नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात, आणि ती किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणतात. धाकट्या भावंडाला उजेडात तोंड उघडायला लावा आणि ती दाढ पाहा.